अँटिव्हायरसची तुलना पुरे, आता दुकानदाराला तीन प्रश्न विचारा

पोस्ट मोठी आहे, पण ज्याच्या घरात कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आहे त्याने शेवटपर्यंत वाचा.

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की मला ठरलेला फोन येतो. बारामतीतून येतो, भवानीनगरहून येतो, निमगाव केतकीहून येतो. "सर, पोराला लॅपटॉप घेतलाय. अँटिव्हायरस कुठला चांगला? क्विक हील का नेट प्रोटेक्टर? का फुकटचा चालतो?" मी इंदापूर तालुक्यातला, बरीच वर्षं बारामतीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतोय, म्हणून लोक विश्वासाने विचारतात. आणि मीही इतकी वर्षं शहाण्यासारखा उत्तर द्यायचो. ह्याला इतके टक्के, त्याला तितके टक्के, हा मशीन स्लो करतो, तो हलका आहे.

आज कबूल करतो, मी चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होतो. आणि त्याची किंमत माझ्याच घरात मोजली गेली.

२०२३ चा पावसाळा. थोरल्या भावाची डाळिंबाची बाग, आंबे बहाराचा माल काढणीला आलेला. एक्स्पोर्टला माल द्यायचा तर फवारणीच्या नोंदी लागतात. कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती प्रमाणात, काढणीच्या आधी किती दिवस. युरोपात फळात औषधाचा अंश किती चालतो याची मर्यादा ठरलेली असते, म्हणून घेणारा कागद मागतोच. दादा आधी हे सगळं वहीत लिहायचा. "दादा, वही बंद कर, एक्सेलमध्ये टाक" हा सल्ला माझा. अँटिव्हायरस कुठला, हाही सल्ला माझाच. मी म्हणालो होतो, "विंडोजमध्ये येतो तो डिफेंडर आता चांगला आहे, वेगळा विकत घेऊ नकोस." ते खरंही होतं. आजही खरं आहे.

एका सकाळी दादाचा फोन. "अरे, फाईलींची नावं बदललीत. उघडतच नाहीत." मी गेलो. प्रत्येक फाईलच्या नावापुढे चार अक्षरांचं विचित्र शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीतली एक रीडमी चिठ्ठी. पैसे द्या, फाईली परत घ्या. ९८० डॉलर, पण ७२ तासांच्या आत दिले तर निम्मे, ४९०. म्हणजे आपले चाळीस हजार. ज्यांना यातलं कळतं त्यांनी ओळखलं असेल, एस-टी-ओ-पी किंवा डीजेव्हीयू नावाचा खंडणीखोर व्हायरस. हा मोठ्या कंपन्यांच्या मागे लागत नाही. हा घरगुती कॉम्प्युटर शोधतो, आणि येतो मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून. एम्सिसॉफ्ट नावाच्या कंपनीने २०१९ मध्ये याच्या १४८ प्रकारांसाठी कुलूप उघडणारं फुकट टूल काढलं होतं. पण नंतरच्या प्रकारांत प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी आणि ती चोरापाशीच. आमची तीच गत होती.

पैसे दिले नाहीत. दिले असते तरी फाईली आल्याच असत्या याची हमी कोण देणार? नोंदी गेल्या. माल लोकल मार्केटला गेला. त्याच्याबरोबर आईचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटोही गेले. दादा मला एक शब्द बोलला नाही. त्याने कोरी वही आणली आणि पहिल्या पानावर तारीख टाकली. ते मला जास्त लागलं.

आता खरी गोष्ट ऐका. मी डिफेंडरची सेटिंग उघडून बघितली. त्यात एक्सक्लूजन्स नावाची यादी असते. म्हणजे "या जागेत काहीही आलं तरी बघू नकोस" अशी सूचना. त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता!

हे कोणी केलं? दोन महिन्यांपूर्वी मशीन स्लो झालं म्हणून दादाने ते एका दुकानात नेलं होतं. फॉरमॅट, नवीन एसएसडी आणि "सगळं फुल सॉफ्टवेअर टाकून". ऑफिस, फोटो एडिटिंग, मराठी डीटीपी, सगळं. मी दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार काही लबाड माणूस नव्हता, अगदी सहज बोलला. "सर, क्रॅक टाकताना अँटिव्हायरस ओरडतो ना, म्हणून बंद करावं लागतं. सगळेच करतात." नंतर पुतण्याने गेमचं काहीतरी डाउनलोड केलं, त्यातून ते आलं. डिफेंडर गप्प. कारण त्याला गप्प बसायला सांगितलेलं होतं.

म्हणजे बघा. राखणीचा कुत्रा भुंकतोय म्हणून आपण त्याला गोठ्यात कोंडला, आणि वर पारावर बसून वाद घालतोय की कुठल्या जातीचा कुत्रा चांगला.

आता त्या तुलनेबद्दलच बोलू, कारण "सर, पण टक्केवारी तर असते ना" असं कोणीतरी म्हणणारच.

असते. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज, या दोन संस्था वर्षानुवर्षं हे काम करतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापर या तिन्हींना सहा-सहा असे अठरा गुण देते. दहा-बारा वर्षांपूर्वी मायक्रोसॉफ्टचा फुकट अँटिव्हायरस या यादीत तळाला असायचा, त्यामुळे "विंडोजचा आपला काही कामाचा नाही" हे तेव्हा बरोबर होतं. पण गेली काही वर्षं डिफेंडर अठरापैकी अठरा किंवा त्याच्या अगदी जवळ असतो. आपल्याकडे दुकानात मात्र अजून २०१३ चंच वाक्य चालू आहे, कारण त्या वाक्यावर वर्षाचं पॅक विकलं जातं.

दुसरं, ९९.८ आणि ९९.६ यातला फरक किती? चाचणीत पाचशे नमुने घेतले तर एक नमुना म्हणजे ०.२ टक्के. म्हणजे हा एक जास्त चुकला आणि तो एक कमी, एवढंच. पुढच्या चाचणीत उलटं होतं. यावर जो माणूस "हाच नंबर एक" म्हणून छातीठोक सांगतो, तो एका तांबड्यावर एक तोळा जास्त म्हणून ऊस गोड ठरवणाऱ्यातला.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हे गुण कुठल्या मशीनवर मिळालेत? विंडोज ताजं, सगळे अपडेट घेतलेले, इंटरनेट चालू, अँटिव्हायरस चालू. आपल्याकडचं मशीन कसलं? अपडेट बंद, क्रॅक टाकलेला, एक्सक्लूजन भरलेलं, आणि इंटरनेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, तोही बॅलन्स असेल तर. दुधाची फॅट लावताना आपण सॅम्पल कुठलं, मशीन कोणाचं, हे विचारतो की नाही? मग इथे का विचारत नाही? त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मशीनचे गुण आपल्या मशीनला लागू होतच नाहीत.

इंटरनेटचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण ही तुलना मात्र खरंच कामाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या एका चाचणीत नेट चालू असताना किती पकडलं आणि नेट बंद असताना किती, हे वेगवेगळं छापतात. काही प्रोग्रॅमची पकड नेट बंद झालं की बरीच घसरते, आणि डिफेंडर त्यातलाच. त्याची बरीचशी अक्कल कंपनीच्या सर्व्हरवर असते. काहींची पकड नेटशिवायही टिकते. तेव्हा ज्याच्या घरी कॉम्प्युटर बहुतेक वेळ नेटशिवाय चालतो आणि पेनड्राइव्ह मात्र झेरॉक्सच्या दुकानातून, शाळेतून, सेवा केंद्रातून फिरून येतो, त्याने हा आकडा बघून वेगळा अँटिव्हायरस घेतला तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. तुलना करायचीच तर अशी करा, आपल्या वापराला धरून.

दुकानातल्या तुलनेचा प्रकार तर वेगळाच. एक प्रोग्रॅम स्कॅन करून दाखवतात, "१२ सापडले". मग दुसरा टाकतात, "३४७ सापडले. बघा फरक!" माणूस घाबरून पैसे काढतो. त्या ३४७ मध्ये असतं काय? ब्राउझरच्या कुकीज, जुन्या टेम्पररी फाईली, रजिस्ट्रीतल्या नोंदी. त्याला धोका म्हणत नाहीत, त्याला कचरा म्हणतात. सापडलेल्या वस्तूंचा आकडा म्हणजे पकड नव्हे. पकड मोजायची तर खरे व्हायरस किती होते, त्यातले किती सापडले आणि चांगल्या फाईलींवर किती वेळा उगाच ओरडला, हे तिन्ही लागतं. एव्ही-टेस्टच्या मोजणीत रोज साडेचार लाखांहून जास्त नवे घातक किंवा नको असलेले प्रोग्रॅम नोंदवले जातात. दुकानातल्या दहा मिनिटांच्या स्कॅनने त्यांची परीक्षा होते असं कोणी म्हणत असेल तर नमस्कार.

"फुकट तो फुकटच" हेही पूर्ण खरं नाही, आणि "फुकट काय वाईट" हेही नाही. अ‍ॅव्हास्टची पकड चाचण्यांत नेहमी चांगली असायची. पण त्यांनी ग्राहक कुठल्या वेबसाइट बघतात याची माहिती आपल्याच एका उपकंपनीमार्फत विकली, म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये त्यांच्यावर १.६५ कोटी डॉलरचा दंड लावला. चोर पकडणारा चांगला होता, पण घरातली बोलणी बाहेर सांगत होता. हे पकडीच्या टक्केवारीत कुठेच दिसत नाही.

आता "आपल्या मराठी माणसाचं घ्या" असं म्हणणाऱ्यांना. क्विक हीलचा मला अभिमान आहे. कैलास काटकर रहिमतपूरचे, सातारा जिल्ह्यातले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीत आले, १९९३ मध्ये कंपनी काढली, भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहिला आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये व्हायरस दिसायचे, त्यातून अँटिव्हायरस निघाला. मग मला सांगा, दुरुस्तीच्या दुकानातून ज्या धंद्याने अँटिव्हायरस जन्माला घातला, तोच धंदा आज गिऱ्हाइकाला न सांगता अँटिव्हायरसचं तोंड बांधतोय, याची लाज कोणाला वाटायची? अभिमान स्टिकरवर असून भागत नाही.

हे फक्त घरचं दुखणं आहे असंही नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने दीडशेहून जास्त देशांत मशीनं बंद पाडली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने होते. ज्यांनी अपडेट बंद ठेवला त्यांच्याकडे शिरला. आणि आमच्याकडे फॉरमॅट करून देताना आजही पहिलं काम काय? "अपडेट बंद करून टाकतो, नाहीतर नेट खातं आणि क्रॅक उडतो." त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट संपले. वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवलं तर घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तुमच्यापैकी किती जणांना दुकानात हे सांगितलं गेलं? माझ्या ओळखीत मी विचारलं, एकालाही नाही. जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, त्यामुळे हा प्रश्न आपल्याच भागात जास्त येणार आहे.

दुकानदार मित्रांचं म्हणणंही मी ऐकलंय, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. "सर, ओरिजिनल घ्या म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. पाचशे रुपयांत सगळं पाहिजे असतं. आम्ही काय घरून घालू?" खरं आहे. आपण गिऱ्हाइकांनीच ही सवय लावली. शेतकऱ्याला हजारो रुपयांचं ऑफिस पॅक घे म्हणणं सोपं, देणार कोण?

पण दोन गोष्टी. एक, बहुतेक लॅपटॉपबरोबर ओरिजिनल विंडोज येतंच, त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात. फॉरमॅट करताना तेच परत टाकता येतं, किल्ली मशीनमध्येच असते. त्यावर क्रॅक केलेलं "प्रो" टाकणं म्हणजे घरात गाय असताना शेजाऱ्याचं दूध चोरणं. दुसरी, हिशोब आणि अर्ज लिहायला लिब्रेऑफिस फुकट आणि कायदेशीर आहे, मराठीही चालतं. ज्याला खरंच क्रॅक लागतो असं काम शंभरात किती जणांचं असतं? आपल्या फुकटच्या हावेपायी आपण दार उघडं ठेवतो, आणि मग कुलूप कुठल्या कंपनीचं चांगलं यावर भांडतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बारामती आणि इंदापूरच्या दुकानदारांनो, गिऱ्हाइकाला मशीन परत देताना बिलावर तीन ओळी लिहून द्या.

१. विंडोज आणि बाकीचं सॉफ्टवेअर ओरिजिनल आहे की क्रॅक.
२. अँटिव्हायरस आणि अपडेट चालू आहेत की बंद.
३. एक्सक्लूजनच्या यादीत काय टाकलंय.

क्रॅक टाकलाच असेल तर निदान लेखी सांगा. गिऱ्हाइकाला माहीत तरी पडेल. आणि गिऱ्हाइकांनो, हेच तीन प्रश्न तोंडाने विचारा. उत्तर द्यायला जो आढेवेढे घेतो, त्याच्याकडून मशीन उचला. क्लासवाल्यांनाही सांगतो, त्यात मीही आलो. पोरांना एक्सेलचे फॉर्म्युले शिकवतो तसं एक्सक्लूजन बघायलाही शिकवा. दहा मिनिटांचं काम आहे. मी माझ्या बॅचला आता पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

घरी आज रात्री करायचं काम:

स्टार्टमध्ये "विंडोज सिक्युरिटी" उघडा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज सेटिंग्ज, आणि खाली एक्सक्लूजन्स. तिथे तुम्ही स्वतः न टाकलेलं काही असेल, विशेषतः सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्स, तर काढून टाका. दुसरा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या सेटिंगमध्येही अशीच यादी असते. आणि दोन अँटिव्हायरस एकावेळी चालवू नका, एकमेकांच्या पायात येतात.

तुमचा अँटिव्हायरस जागा आहे का हे तपासायचं असेल तर आयकार नावाची चाचणी फाईल आहे. ६८ अक्षरांची एक ओळ, तिच्यात व्हायरस नाही, कोणाचं काही बिघडत नाही. जगभरातल्या कंपन्यांनी ठरवलंय की ही दिसली की ओरडायचं. आयकारच्या वेबसाइटवर ती मिळते, नोटपॅडमध्ये चिकटवून सेव्ह करा. ओरडला तर जागा आहे. गप्प बसला तर कोणीतरी कोंडलाय. एवढं लक्षात ठेवा, ही चाचणी जागं-झोपलेलं सांगते, पकड किती ते सांगत नाही.

आणि महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात. जोडून ठेवलेली डिस्कही त्या व्हायरसने सोडली नसती.

एक राहिलं. फोनवर कोणी "बँकेतून बोलतोय, एनीडेस्क टाका आणि नंबर सांगा" म्हणालं तर जगातला कुठलाच अँटिव्हायरस तुम्हाला वाचवेल या भरवशावर राहू नका. ते कायदेशीर सॉफ्टवेअर आहे, दार तुम्ही स्वतः उघडलेलं असतं. पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

दादा आता वहीही लिहितो आणि एक्सेलमध्येही टाकतो. मागच्या महिन्यात त्याच्या एका मित्राने माझ्यासमोरच त्याला विचारलं, "अँटिव्हायरस कुठला घ्यावा रे?" दादा म्हणाला, "ते नंतर बघू. आधी मशीन कुठनं फॉरमॅट केलंस ते सांग."

इतकी वर्षं शिकवून मला जे सुचलं नाही ते दादाने एका वाक्यात विचारलं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, भांडू. पण त्याआधी एक्सक्लूजनची यादी बघून या, आणि त्यात काय सापडलं ते खरं खरं लिहा.